सोनखताचे उपासक : अप्पासाहेब पटवर्धन

सह्याद्रीच्या ऐन कुशीत पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे दोन डोंगराळ मुलूख वसलेले आहेत. राजगड, तोरणा आणि रोहिडा हे किल्ले त्यांच्यावर पहारा करीत उभे आहेत. नीरा, गुंजवणी आणि कानंदी या नद्या त्यांच्या खोऱ्यांतून वाहत आहेत. मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की भाताची खाचरे तुडुंब भरतात आणि ओढे गढूळ होऊन धावू लागतात. त्या गढूळ पाण्याबरोबर डोंगरउतारावरची माती तर जातेच, पण गावाच्या कडेला उघड्यावर पडलेल्या उकिरड्याचा कसही वाहून जातो. शेण, पालापाचोळा, चुलीतील राख, भाजीची देठे, घरातील खरकटे, असे वर्षभर साठविलेले धन पावसाच्या चार झडींत नदीला मिळते. मागे उरते ती दुर्गंधी आणि माश्यांची घोंघावणारी झुंड.

भोरहून वरंधा घाटाने खाली उतरले, की कोकण लागते. तेथील पाऊस घाटमाथ्याइतकाच दांडगा आणि जमीन जांभ्या दगडाची. अशा जमिनीला खताची भूक फार. वरच्या मावळ्याचे जे दुःख, तेच खालच्या कोकणी शेतकऱ्याचे. याच कोकणात एक असे सत्पुरुष होऊन गेले, की लोक ज्या वस्तूस घाण म्हणून नाक मुरडीत, तिला त्यांनी आपण होऊन हात लावला आणि तिचे खत करून दाखविले. घाण उचलणाऱ्या माणसास नीच मानण्याची जी दुष्ट रूढी होती, तिच्याशी त्यांनी जन्मभर झुंज दिली. त्यांचे पूर्ण नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. लोक त्यांना आदराने अप्पासाहेब म्हणत. कोकणचे गांधी या नावानेही महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

अप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे या खेड्यात एका ब्राह्मण कुटुंबात झाला. त्या काळी अशा घरांतून सोवळ्या-ओवळ्याचे नियम कडकपणे पाळले जात. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाची सावली टाळावी, कोणते काम कोणी करावे, हे सारे जन्माबरोबरच ठरून जाई. अप्पासाहेब बुद्धीने तल्लख होते. उच्च शिक्षण घेऊन ते एम. ए. झाले आणि पुण्यास महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून काम करू लागले. त्या काळी एम. ए. झालेले लोक मोजकेच असत. प्राध्यापकास समाजात मोठा मान होता आणि पगारही चांगला मिळे. पुढचे सारे आयुष्य ग्रंथांच्या सहवासात सुखाने घालविणे अप्पासाहेबांस सहज शक्य होते.

परंतु तो काळ निराळा होता. महात्मा गांधींनी देशास हाक दिली होती आणि ती ऐकून अनेक तरुण घरदार व नोकऱ्या सोडून बाहेर पडत होते. अप्पासाहेबांनीही प्राध्यापकी सोडली आणि देशसेवेचे व्रत घेतले. गांधीजींच्या आश्रमात एक नियम असा होता, की आश्रमातील संडास आश्रमवासीयांनी स्वतःच साफ करावयाचे. त्यासाठी दुसरा कोणी माणूस बाहेरून येणार नाही. शिकलेल्या आणि उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या पुष्कळांना हा नियम फार जड जाई. अप्पासाहेबांच्या मनात मात्र तो खोल रुजला. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत सर्व प्राणिमात्रांच्या ठायी एकच आत्मा आहे असे शिकवावयाचे आणि अंगणात येऊन आपली घाण उचलणाऱ्यास मात्र दूर उभे करावयाचे, यातील विसंगती त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. त्या काळी घराघरांत आजच्यासारखे पाण्याचे संडास नव्हते. शहरांतून टोपल्यांचे संडास असत. ठराविक जातींतील स्त्रीपुरुष रोज सकाळी येऊन तो मैला हाताने गोळा करीत आणि डोक्यावर वाहून नेत. त्यांना विहिरीवर पाणी भरता येत नसे, देवळात जाता येत नसे, शाळेत इतर मुलांबरोबर बसता येत नसे. ज्यांच्यामुळे गाव स्वच्छ राही, त्यांनाच गाव अस्वच्छ मानीत असे. विशेष असे, की मैल्यापासून झालेल्या खतास मराठी भाषेने सोनखत हे नाव दिले आहे. शेतकऱ्याला त्याचे मोल ठाऊक होते, म्हणून भाषेने त्याला सोने म्हटले. परंतु ते सोने ज्या हातांतून येई, त्या हातांना समाजाने कधी जवळ केले नाही.

१९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह झाला. कोकणात शिरोडे येथील मिठागरांवर जो सत्याग्रह झाला, त्यात अप्पासाहेब अग्रभागी होते. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना कारावास भोगावा लागला. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात असताना एक असा प्रसंग घडला, की त्यामुळे त्यांचे नाव सर्व देशात पोहोचले.

बाहेरच्या समाजातील जातिभेद तुरुंगाच्या भिंतींच्या आतही शिरला होता. मैलासफाईचे काम तेथेही ठराविक जातींच्या कैद्यांकडूनच करून घेतले जाई. अप्पासाहेबांनी ते काम आपणांस करू द्यावे अशी मागणी केली. कैदी सहसा हलके काम मिळावे म्हणून धडपडतात. हा कैदी मात्र ज्या कामापासून सारे दूर पळत, तेच काम मागत होता. अधिकाऱ्यांनी नियमाकडे बोट दाखविले आणि परवानगी नाकारली. तेव्हा अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग पत्करला. जे काम केल्याने दुसरा मनुष्य नीच ठरतो, ते आपण स्वतः केल्यावाचून त्याचा नीचपणा जाणार नाही, असा त्यांच्या आग्रहाचा अर्थ होता.

त्या वेळी महात्मा गांधी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात होते. रत्नागिरीची ही वार्ता त्यांच्या कानी गेली. सरकारशी केलेल्या पत्रव्यवहाराचा उपयोग होईना, तेव्हा अप्पासाहेबांना पाठिंबा म्हणून ३ डिसेंबर १९३२ रोजी गांधीजींनी स्वतः उपवास आरंभिला. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात त्यांचे एक मोठे उपोषण झाले होते आणि त्याचा थकवा पुरता ओसरलाही नव्हता. या प्रश्नाचा विचार करण्यात येईल असे आश्वासन सरकारकडून मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी हा उपवास सुटला. एका कैद्याने झाडू आणि बादली मागावी आणि तेवढ्यासाठी दोन तुरुंगांत दोन माणसांनी अन्न सोडावे, ही गोष्ट अनेकांना विलक्षण वाटली असेल. पण ज्यांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या तो झाडू बळेच दिला गेला होता, त्यांच्यासाठी तो प्रश्न लहान नव्हता.

तुरुंगाबाहेर आल्यावरही अप्पासाहेबांनी हे कार्य सोडले नाही. किंबहुना त्यांच्या कार्याचा खरा पसारा पुढेच वाढला. देश स्वतंत्र झाल्यानंतर १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रमाची स्थापना केली. कणकवली त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होती. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाल्यापासून ती त्या जिल्ह्यात मोडते. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. येथे अप्पासाहेबांनी आश्रमीय जीवनाला शेती, सफाई आणि ग्रामोद्योग यांची जोड दिली.

आता त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा होता. आपण स्वतः मैला उचलला, तर एका माणसाचे ओझे कमी होईल. पण गावोगावच्या हजारो माणसांचे काय? केवळ उपदेशाने हा प्रश्न सुटणार नव्हता. संडासाची रचनाच अशी हवी होती, की ताजा मैला हाताळण्याचा प्रसंग कोणावरही येऊ नये, आणि त्यातील कसही वाया जाऊ नये. याच विचारातून गोपुरी संडास या नावाने ओळखली जाणारी रचना पुढे आली. तिचे तत्त्व अगदी साधे आहे. शेजारी शेजारी दोन कप्पे करावयाचे. एका वेळी एकच कप्पा वापरावयाचा आणि प्रत्येक वापरानंतर त्यावर माती, राख किंवा पालापाचोळा टाकावयाचा. तो कप्पा भरला, की बंद करून दुसरा वापरू लागावयाचे. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील घाण कुजून तिचे काळसर, भुसभुशीत खत होऊन जाते. मग ते खत शेतकरी फावड्याने काढून शेतात नेतो. त्याला दुर्गंधी येत नाही आणि त्याची किळसही वाटत नाही.

ही किमया घडते तरी कशी? तिचे उत्तर मातीत आहे. चिमूटभर सुपीक मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. पालापाचोळा, शेण, खरकटे, मैला हे सर्व त्यांचे अन्न होय. ते खाऊन हे जीव त्यातील नत्र, स्फुरद, पालाश आदी द्रव्ये पुन्हा वनस्पतींना घेता येतील अशा रूपात आणून ठेवतात. मात्र या जीवांना हवा लागते, ओलावा लागतो आणि ओल्या पदार्थांबरोबर सुका पालाही लागतो. ओला कचरा नुसताच एके ठिकाणी दाबून ठेवला, तर आत हवा शिरत नाही आणि तो सडू लागतो. त्याची घाण सुटते. तोच कचरा सुक्या पाल्याच्या आणि मातीच्या थरांत मोकळा ठेवला, तर तो नीट कुजतो. सडणे आणि कुजणे यांतील हा भेद ज्याला कळला, त्याला खताचे अर्धे शास्त्र कळले.

चांगल्या रीतीने रचलेला ढीग आतून इतका तापतो, की त्यात खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढल्यावर हाताला चटका बसावा. या उष्णतेने रोगजंतू मोठ्या प्रमाणावर मरतात. मैल्याच्या बाबतीत मात्र अधिक जपावे लागते. जंतांची अंडी चिवट असतात. म्हणून आपल्यासारख्या उष्ण देशातही असा बंद कप्पा वर्षभराहून अधिक काळ राहू द्यावा, असे आजचे आरोग्यशास्त्र सांगते.

या विषयाचा अभ्यास जगात इतरत्रही चालला होता. चीनमधील शेतकरी शेकडो वर्षांपासून घरातील व गावातील सर्व टाकाऊ वस्तूंचे खत करून तीच ती जमीन कसदार ठेवीत आले होते. इंग्लंडातून भारतात आलेले कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे या विषयावर प्रयोग केले. पालापाचोळा, शेण, माती व राख यांचे थर रचून आणि ते ठराविक वेळी खालीवर करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली. इंदूर पद्धत या नावाने ती जगभर गेली. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ साली त्याविषयी इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. शास्त्रज्ञांनी जे प्रयोगक्षेत्रावर सिद्ध केले, त्याच तत्त्वाला अप्पासाहेबांनी माणसाच्या प्रतिष्ठेची जोड दिली. खताचा खड्डा त्यांच्या दृष्टीने शेतीचे साधन तर होताच, शिवाय समतेचेही साधन होता.

अप्पासाहेबांनी आणखी एका तुच्छ मानल्या गेलेल्या कामास हात घातला. गावात जनावर मेले, की ते ओढून नेणे आणि त्याचे कातडे सोडविणे हे काम विशिष्ट जातींवर लादलेले होते. अप्पासाहेबांनी मृत जनावरे सोलण्याचे काम स्वतः केले आणि गोपुरीत कातडी कमावण्याचा उद्योग चालविला. एकेकाळी तत्त्वज्ञान शिकविणारे हे विद्वान गृहस्थ मेलेल्या बैलाचे कातडे सोडवीत बसलेले पाहून जुन्या विचारांच्या लोकांना काय वाटले असेल, याची कल्पना सहज करता येते. आपल्या वागण्याने जिवलग दुखावतात हे ठाऊक असूनही सत्य मानलेल्या वाटेने जाणे, ही फार कठीण परीक्षा असते. अप्पासाहेब ती रोज देत होते.

हाती झाडू आला म्हणून लेखणी खाली ठेवावी, असे मात्र त्यांनी केले नाही. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनी केला. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना गांधीजींचे जीवन त्यांच्याच मराठीतून समजले. स्वतःच्या आयुष्याची हकीकतही त्यांनी लिहून ठेवली आहे. लिहिणे आणि करणे यांत त्यांनी कधी अंतर पडू दिले नाही. म्हणूनच त्यांच्या शब्दाला कोकणातील खेड्यापाड्यांत वजन होते.

१० मार्च १९७१ रोजी अप्पासाहेबांचे निधन झाले. त्यांचे कार्य त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. भारताच्या राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली असली, तरी हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला आणि तो अधिक कडक करण्यासाठी २०१३ साली दुसरा कायदा करावा लागला. ज्या गोष्टीसाठी एका कैद्याने १९३२ साली अन्न सोडले, ती कायद्याच्या पुस्तकात पूर्णपणे उतरण्यास ऐंशी वर्षे लागली. आजही गटारे साफ करताना माणसांचे प्राण जातात. अप्पासाहेबांनी आरंभिलेले काम अद्याप शिल्लक आहे, असाच याचा अर्थ होय.

या कामाचा एक लहानसा भाग प्रत्येक घराला करता येण्याजोगा आहे. घराघरांतून रोज भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि उरलेसुरले अन्न बाहेर पडते. ते रस्त्यावर टाकले, तर ते सडते. कुत्री ते विखुरतात आणि अखेर कोणाला तरी ते वाकून उचलावे लागते. पूर्वी कोकणातील आणि मावळातील गृहिणी मोरीचे सांडपाणी परसातील केळीला आणि अळवाला देत असत. त्याच समजुतीने परसात हात-दोन हात खोलीचा एक खड्डा करावा. तो उंचवट्यावर असावा, म्हणजे पावसाचे पाणी त्यात शिरणार नाही. भोर-वेल्ह्यासारख्या पावसाळी मुलखात त्यावर पेंढ्याचे किंवा पत्र्याचे आच्छादन हवेच. परस नसेल, तर भोके पाडलेले जुने मडके किंवा डबाही चालतो. त्यात रोजच्या ओल्या कचऱ्यावर दुप्पट सुका पाला आणि मूठभर माती टाकीत जावे. आठवड्यातून एकदा ते काठीने खालीवर करावे. फार कोरडे वाटले तर पाणी शिंपडावे, फार ओले वाटले तर आणखी पाला घालावा. काच, चिंध्या आणि प्लॅस्टिक त्यात कधीही जाऊ देऊ नये. तीन-चार महिन्यांत देठे आणि साली ओळखू येईनाशा होतात आणि खड्ड्यात काळीभोर माती तयार होते. ती हातात घेऊन पाहावी. पहिल्या पावसानंतर जमिनीला जो सुवास येतो, तसाच सुवास तिला येतो.

अप्पासाहेब पटवर्धन यांनी मोठी संपत्ती मिळविली नाही आणि सत्तेचे पदही भूषविले नाही. जे सर्वांनी दूर लोटले, ते त्यांनी उचलले. उकिरड्यावरील कचरा असो की वेशीबाहेर ठेवलेला माणूस असो, टाकाऊ असे जगात काही नसते, या एका श्रद्धेवर त्यांनी आपले आयुष्य वेचले. त्यांनी ज्या मातीला खत दिले, त्या मातीत आजही पिके उभी राहत आहेत. त्यांनी मनांत जे पेरले, त्याची निगा राखणे हे त्यांच्यामागून आलेल्यांचे काम आहे.